कारभारीण हे नाव नव्हे

माझ्या आईला सरकारनं सहा वर्षं एकच प्रश्न विचारला: तू त्याची बायको कशावरून? मला शाळेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. गुडघे धरलेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण तो प्रश्न आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. तिच्या पोटची मी समोर उभी, तिचं कुंकू त्याच सरकारच्या लढाईत पुसलेलं, आणि वर हे विचारणार, कशावरून!

मला वडील आठवत नाहीत. खोटं कशाला बोलू. एक खरखरीत घोंगडी आणि तंबाखूचा वास एवढं आठवतं, आणि तोही कदाचित चुलत्याचा असेल. मी तीन-साडेतीन वर्षांची असताना ते पलटणीत गेले.

आमचं गाव मोडनिंबपासून दोन कोसांवर. आम्ही महार. गावाचे सांगावे पोचवायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, हे सगळं आमच्याकडं. आमच्या पणज्यांना म्हणे पूर्वी पलटणीत घेत असत. मग सरकारला आम्ही लढाऊ वाटेनासे झालो आणि भरती बंद झाली. जर्मनच्या पहिल्या लढाईत माणसं कमी पडली तेव्हा पुन्हा एकदा आम्ही लढाऊ झालो. महारांची पलटण उभी राहिली. लढाई संपली तशी ती मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

वडील समुद्रापलीकडं तापानं वारले. कुणी बसरा म्हणायचं, कुणी एडन. कागद चावडीवर आला, पाटलानं वाचला, कुलकर्ण्यानं वाचला, साऱ्या गावाला कळलं. आईला तिसऱ्या दिवशी कळलं. ती गोवऱ्या थापत होती आणि रस्त्यानं जाणारी एक बाई म्हणाली, "अगं, अजून कुंकू हाय व्हय तुझं?"

दोन-तीन वर्षं आईनं गावात काढली. मग माझा हात धरून ती सोलापूरला आली, गिरणीत लागली. गिरणीत आमच्या माणसांना मागावर घेत नसत. का, तर धोट्यातून दोरा तोंडानं ओढावा लागतो आणि आमच्या थुंकीनं सूत बाटतं. आईला सूत काढायच्या खात्यात ठेवलं होतं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवरही कापूस असायचा. आमच्या वस्तीपासून म्युनिसिपालटीची शाळा जवळ होती. मला तिनं तिथं घातलं. "मला कागद वाचता आला असता, तर तीन दीस कुंकू लावून हिंडले नसते," असं ती म्हणायची. माझ्या शिक्षणाचं कारण एवढंच.

आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत एक हवालदार राहायचा. हवालदार म्हणजे होता कधीकाळी, पलटण मोडल्यावर गिरणीच्या फाटकावर पहारा करत होता. वस्तीत सगळे त्याला हवालदारमामा म्हणत. तो वडिलांच्याच पलटणीतला, हे आम्हाला वर्षभरानं कळलं. त्या दिवशी तो उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभा राहिला आणि आईला म्हणाला, "अक्का, तुमाला पिन्शन का न्हाई? लढाईवर मेल्याल्या शिपायाच्या बायकूला सरकार पिन्शन देतंय. कायदाच हाय तसा."

आईला वाटलं, कायदा आहे म्हणजे झालंच. मी दहा वर्षांची होते. मलाही तसंच वाटलं.

सरकारी कचेरीच्या मागच्या बाजूला शिपायांच्या कामाची एक खोली होती. आम्ही व्हरांड्याच्या खाली उन्हात उभे राहायचो. अर्ज हातातून घ्यायचा नाही म्हणून चपराशी ओरडायचा, "पायरीवर ठेव!" मग तो कागद उचलायचा. दुसरं काही असतं तर त्यानं आधी पाणी शिंपडलं असतं, पण शाई फुटली असती ना, म्हणून बिचारा तसाच बाटायचा.

खिडकीत कारकून बसायचा. अंगानं बारीक, काळी टोपी, पानानं रंगलेले दात. बोलणं पेठेतलं, शुद्ध. तो पंजाबातून आला नव्हता की विलायतेतून आला नव्हता, आपल्याच मुलखातला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

"नवऱ्याचं नाव?" त्यानं विचारलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"ए बाई, नवऱ्याचं नाव सांग."

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिचा बा," ती म्हणाली.

खोलीतले सगळे हसले. "सरकार हिच्या बाला पेन्शन देत नाही," कारकून म्हणाला. "नाव लागतं."

त्या वेळी कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. तो माणूस मेलेला होता, आता आणखी काय कमी व्हायचं होतं, पण सवय जिभेत मुरलेली असते. त्या कारकुनाची बायकोही त्याचं नाव घेत नसणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी पुढं होऊन वडिलांचं नाव सांगितलं, तर तो माझ्यावर खेकसला. "तू नाही. वारस कोण, ती ना? तिनं सांगायचं."

मग आतला दुसरा एक जण म्हणाला, "उखाणा घे की. उखाण्यात घे म्हणजे लाज वाटणार नाही."

पांढऱ्या कपाळाच्या बाईला उखाणा घे म्हणाला तो. हळदीकुंकवाला बसलेत जसे! आणि बाकीचे हसले. मला त्या वयात शिव्या फारशा येत नव्हत्या, नंतर शिकले, आणि त्यातली प्रत्येक शिवी शिकताना मला ती खिडकी आठवली आहे.

आईनं पदर पुढं ओढला. मान खाली घातली आणि नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, त्यांचं नाव आणि त्यांच्या बापाचं नाव. तिच्या तोंडून ते मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं.

कारकुनानं कपाटातून एक लांब यादी काढली, बोट खाली खाली नेलं. "आहे," तो म्हणाला. "गाव बरोबर. तापानं मयत, बरोबर. वारस, बायको एक, मुलगी एक. बायकोचं नाव…" तो थांबला आणि त्यानं नीट वाचलं. "कारभारीण."

आईनं मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला की मी बघत राहिले. वडील तिला घरात याच नावानं हाक मारायचे. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही तसा नवराही बायकोचं घेत नाही. ती त्याला कारभारी म्हणते, तो तिला कारभारीण. इतक्या वर्षांनी, तसल्या त्या खिडकीतून, तिला तिची हाक ऐकू आली.

"व्हय," ती म्हणाली. "मीच की ती."

"तुझं नाव काय?"

आईनं आपलं नाव सांगितलं, बारशाला ठेवलेलं.

"मग कारभारीण कोण?"

"मीच की, रावसाहेब."

"आत्ता तर तू दुसरं नाव सांगितलंस." त्यानं लेखणी खाली ठेवली. "एका बाईला दोन नावं? कागदात बायको कारभारीण आहे. तू कारभारीण नाहीस. म्हणजे तू त्याची बायको नाहीस. सरळ आहे."

आई समजावून सांगायला लागली. मीही सांगायला लागले. हवालदारमामा मागं उभा होता, तोही बोलायला लागला. कारकुनानं खिडकीचं दार ओढून घेतलं.

मला राग कशाचा आहे ते नीट समजून घ्या. त्याला कळलं नाही याचा नाही. त्याला सगळं कळलं होतं. कारभारीण म्हणजे काय हे मराठी मुलखात पाळण्यातल्या पोराला कळतं. तो स्वतः घरी जाऊन दारातून बायकोला "अहो मंडळी, पाणी आणा" म्हणत असेल. पण कागदावरचं खरं धरलं की त्याला काही करावं लागत नव्हतं, आणि समोर एक महारीण उभी होती. तिच्यासाठी कोण डोकं खाजवतो?

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. "नाव घेतलं गं मी," एवढंच म्हणाली.

कारभारीण कागदात कशी शिरली ते हवालदारमामानं सांगितलं. भरतीच्या वेळी तो वडिलांच्या मागंच रांगेत होता. लिहून घेणारा उत्तरेकडचा, हिंदुस्थानी बोलणारा. त्यानं विचारलं, "औरत का नाम?" रांगेत वडिलांचे चुलते उभे, सासऱ्याच्या गावची माणसं उभी. वडीलधाऱ्यांपुढं, चारचौघांत, बायकोचं नाव कसं घ्यायचं? वडील कानापर्यंत लाल झाले म्हणे आणि पुटपुटले, "कारभारीण." त्यानं लिहून घेतलं.

"समदे हसलो आमी," हवालदारमामा म्हणाला. "पन माजी तरी काय मोठी हुशारी? माझ्या कागदावर बायकूचं नाव 'घरची' लिवलंय. मी जिता आलो म्हनून कुनी इचारलं न्हाई."

कचेरीनं सांगितलं, लग्नाचा पुरावा आणा. लग्न लावणाऱ्या भटाची साक्ष आणि गावच्या पाटलाचा दाखला.

आम्ही गावी गेलो. गावचा जोशी तेव्हा जिवंत होता, ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. आमच्या लग्नांत जोशी वस्तीत येत नसे. तो वेशीपाशी उभा राहायचा, घटिका भरली की तिथून हात हलवायचा, आणि इकडं आमची माणसं अक्षता टाकायची. दक्षिणा मात्र वेशीपर्यंत पोचवावी लागे, तिला विटाळ नव्हता. आई अंगणाबाहेर उभी राहून म्हणाली, "बाबा, माझं लगीन तुमीच लावलं की."

जोशी म्हणाला, "मी? मी कुठं लावलं? मी हात हलवला."

"हात हलवला म्हून तर अक्षता पडल्या."

"मी मांडव पाहिला नाही, नवरा पाहिला नाही, नवरी पाहिली नाही. तिकडं काय चाललं होतं मला काय ठाऊक? हात हलवल्याची साक्ष हवी तर देतो."

तो विनोद करत नव्हता. त्याला खरोखरच ते प्रामाणिकपणाचं वाटत होतं. मला मात्र त्याची सुपारी घशात अडकावी असं वाटलं. वाटलं ते लिहिते आहे. आता कुणाची भीड धरायची?

पाटील बोलायला गोड होता. त्यानं आईला बसायलाही सांगितलं, अर्थात मातीत. आई गाव सोडून गेली, तिच्या वाट्याची गावकी, म्हणजे गावाची कामं, तिनं टाकली, याचा त्याला राग होता, पण तो त्यानं दाखवला नाही. दाखला लगेच लिहवून दिला. मी तेव्हा चौथीत होते, मोडी वाचायला नुकती लागले होते. परतताना रस्त्यातच मी तो वाचला. "सदरहू बाई मयताचे घरी राहात होती." बस्स. बायको हा शब्द नव्हता. खोटं एक अक्षर नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. मी आईला म्हणाले, परत जाऊ, दुसरा लिहून घेऊ. आई म्हणाली, "पाटलाचा शिक्का हाय नव्हं? मग झालं की. घरी ऱ्हात हुते म्हंजी बायकूच की." मी हट्ट धरायला हवा होता. दहा वर्षांच्या पोरीला एवढं सुचलं, पण पाटलाच्या दारात परत जायची तिलाही भीती वाटली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आम्ही सहा वर्षं थांबलो. दर वेळी आईचा खाडा व्हायचा, मुकादमाच्या शिव्या खाव्या लागायच्या. कधी साहेब फिरतीवर, कधी कागद पुण्याला गेलेला. सोलापुरात लष्कराचा मार्शल लॉ लागला त्या साली तर कित्येक दिवस त्या बाजूला फिरकायचीही सोय नव्हती. हवालदारमामानं आपली पदकं लावून जबानी दिली, भरतीच्या रांगेची सगळी हकीकत सांगितली. कारकून म्हणाला, "हाही त्यांच्यातलाच. हे एकमेकांसाठी वाटेल ते सांगतात." मग कुणी सांगायचं होतं? वेशीच्या आत आमच्याबरोबर दुसरं कोण होतं?

एव्हाना आईला पैशाचं फारसं राहिलं नव्हतं. म्हणजे पैसा हवा होता, आमच्या तव्यावर रोज भाकरी पडतेच असं नव्हतं. पण ती रात्रंदिवस एकच धरून बसली होती. "त्येंनी मला बायकू म्हनून लिवून द्यावं. मग पिन्शन नगं देऊ द्या." वस्तीतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती. सरकार एवढं विचारतंय म्हणजे काहीतरी असेल. पाण्याच्या हौदावर भांडण झालं तेव्हा एकीनं तोंडावर म्हटलंही, "तू कुठं लग्नाची?" आईनं तिच्या अंगावर घागर टाकली. मीही दोन दगड मारले.

मार्शल लॉ उठल्यानंतर काही महिन्यांनी बोलावणं आलं. मी सोळा वर्षांची होते, फायनलच्या परीक्षेला बसणार होते, ती पास झाले की मास्तरीण होता येत होतं. आमच्यात सोळाव्या वर्षी बिनलग्नाची मुलगी म्हणजे नवलच, पण कचेरीचं काम मिटल्याशिवाय आईला दुसरं काही सुचत नव्हतं.

खिडकीत तोच कारकून होता, केस पिकलेला. त्यानं मोडीत लिहिलेला हुकूम पुढं सरकवला आणि म्हणाला, "पोरगी शिकलीय ना तुझी? मग तीच वाचून दाखवील. पटलं तर अंगठा कर, नाहीतर प्रकरण बंद. पुन्हा अर्ज चालणार नाही." मग तो पान लावायला वळला.

मी वाचायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांपुढं हे होतं: "सदर स्त्री ही मयत शिपायाची विवाहित बायको असल्याचे शाबीत होत नाही. ती त्याने घरी ठेवलेली होती असे दिसते. मुलगी मात्र त्याचीच असल्याबद्दल संशय नाही. सबब मुलीस तिचे लग्न होईपर्यंत दरमहा रक्कम मंजूर. रक्कम सदर स्त्रीने पालनकर्ती म्हणून घ्यावी."

घरी ठेवलेली! पाटलाच्या "राहात होती"ला कचेरीनं एवढं पुढं नेलं होतं. मुलगी त्याची, आणि मुलीची आई त्याची कुणी नाही. हे अकलेचे कांदे आम्हाला अडाणी म्हणत होते.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचे हात पदरात गुंडाळलेले होते. मी जसंच्या तसं वाचलं असतं तर तिनं अंगठा केला नसता, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. ती तिथंच खाली बसली असती, कदाचित पुन्हा उठली नसती. घरात दोन दिवसांचं पीठ होतं आणि माझी परीक्षेची फी भरायची राहिली होती.

मी वाचलं, "सदर स्त्री ही मयत शिपायाची विवाहित बायको असल्याचे शाबीत झाले आहे. सबब तिला दरमहा रक्कम मंजूर."

मी अडखळले नाही. वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. कारकुनाची पाठ होती. त्यानं मान वळवली आणि क्षणभर माझ्याकडं पाहिलं. ऐकलं असणारच त्यानं. काही बोलला नाही. त्याला दया आली असेल, की प्रकरण एकदाचं मिटतंय म्हणून बरं वाटलं असेल, मला माहीत नाही. त्याच्याबद्दल चांगलं बोलायची माझी इच्छाही नाही.

आईनं शाईत अंगठा बुडवला आणि ‘ठेवलेली’ या शब्दाच्या बरोबर खाली उठवला.

त्या दिवशी तिनं वस्तीत गूळ वाटला. हौदावर भांडलेल्या त्या बाईच्या घरी सगळ्यात आधी गेली. "सरकारनं लिवलं," म्हणाली. "लग्नाची बायकू म्हून लिवलं." कागदाची नक्कल मिळाली होती, ती भिंतीवर लावायची म्हणत होती. मी ती वाळवीच्या नावानं पत्र्याच्या पेटीत घातली आणि किल्ली माझ्याकडं ठेवली. कुणी वाचता येणारा पाहुणा आला की मी जाऊन पेटीवर बसायची.

मनीऑर्डर यायला लागली. दर सहा महिन्यांनी कचेरीत दाखला द्यावा लागे, मुलीचं लग्न झालेलं नाही असा. मी आईला सांगितलं की तू दुसरा पाट लावलेला नाहीस याचा दाखला लागतो. ती हसून हसून खोकायची. "ह्या वयात? सांग त्येस्नी, आता कोन करतंय मला!" आणि मी एकटीच जाऊन माझ्या अविवाहितपणाचा दाखला देऊन यायची.

आता तुम्हाला कळलं असेल. माझं लग्न झालं असतं तर पैसे थांबले असते. पैसे थांबल्याचं मला काही नव्हतं, मी फायनल पास झाले, शाळेत लागले, माझ्या पगारात दोघींचं भागत होतं. पण मनीऑर्डर थांबली असती तर आई तडक त्या खिडकीवर गेली असती. सहा वर्षं ज्या बाईनं ती पायरी सोडली नाही, ती आता कशी गप्प बसली असती? आणि मग तिथं कुणीतरी तिला तो हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला असता.

स्थळं आली. एक तर माढ्याहून आलं, मुलगा माझ्यासारखाच मास्तर, शांत, माझ्याशी बोलताना पुस्तकांबद्दल बोलणारा. मला तो आवडला होता. स्पष्टच सांगते, फार आवडला होता. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हटलं, मला करायचं नाही. तो दोनदा परत आला. मग त्यानं दुसरीकडं केलं.

आई माझ्यावर खवळायची. शेजारणींना म्हणायची, शिकवून पस्तावले. लोक मला काय काय म्हणत, ते मी इथं लिहीत नाही. सगळ्यात जास्त राग मला रात्री अंथरुणावर पडल्यावर यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही. कारकुनावर, पाटलावर, जोशावर, की बायकोचं नाव घ्यायला लाजलेल्या माझ्या बापावर? कधी कधी आईवरसुद्धा यायचा. एका शब्दासाठी एवढं! मग सकाळी ती उठून चूल पेटवायची, आणि बायकांशी बोलताना "आमचं ह्ये हुते तवा" म्हणायची, ताठ मानेनं, आणि माझा राग जागच्या जागी बसायचा.

कापसानं तिची छाती भरली. शेवटच्या महिन्यात तिला बसूनच श्वास घ्यावा लागायचा. एकदा दुपारी मी शाळेतून लवकर आले, तिला पाणी पाजलं.

"मी तर त्यांची बायकू म्हून मरन," ती म्हणाली. "सरकारच्या कागदावर हाय तसं. माझं झालं. पन तू गं? तू कुनाची?"

पेटीची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला होती. सांगायचं तर तेवढ्यात सांगता आलं असतं.

"तुझी," मी म्हणाले.

ती चिडली. "तसं न्हवं इचारलं," म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवसांनी ती गेली, माझ्यावर रागावूनच.